ओबीएस मध्येच बंद पडतंय? आधी घड्याळ बघा

"भाऊ, आजही गेलं. दीड तास शिकवलं, अन् फाइल उघडूनच नाही राहिली!"

नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका छोट्या क्लासच्या गणिताच्या सरांचा हा फोन मला एका आठवड्यात चौथ्यांदा आला. ते लॅपटॉपवर डिजिटल पाटी उघडतात, शेजारी वेबकॅम लावतात आणि ओबीएस स्टुडिओ या स्क्रीन रेकॉर्ड करण्याच्या मोफत प्रोग्राममध्ये लेक्चर रेकॉर्ड करतात. गैरहजर मुलांना तेच पाठवतात. चारही वेळा त्यांचं निदान एकच होतं, 'ओबीएस क्रॅश होतं'. त्यांनी ते दोनदा काढून पुन्हा टाकलं होतं. फरक शून्य.

काढून पुन्हा टाकल्याने फरक पडत नाही याला कारण आहे. ओबीएसच्या सेटिंग्ज, सीन आणि प्रोफाइल हे सगळं विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये वेगळं साठवलेलं असतं. प्रोग्राम गेला तरी ते तिथेच राहतं आणि नवा प्रोग्राम येऊन तेच उचलतो. म्हणजे घर पाडून नवं बांधलं, पण जुनं गळकं मडकं पुन्हा आत आणून ठेवलं.

म्हणून आता कोणी 'बंद पडतं' म्हणालं की मी आधी दोन प्रश्न विचारतो. नेमकं काय बंद पडतं? आणि किती वाजता?

पहिला प्रश्न वाटतो तितका बावळट नाही. ओबीएसची खिडकी एकदम गायब होणं हा खरा क्रॅश. खिडकी समोर आहे, पण पांढरी पडून 'नॉट रिस्पॉन्डिंग' दाखवते, तो अडकलेला प्रोग्राम. खिडकी ठणठणीत आहे, फक्त रेकॉर्डिंग थांबलं, तर भानगड बहुतेक डिस्कची किंवा एन्कोडरची (चित्र आकसून फाइलीत बसवणारा भाग). आणि अख्खा कॉम्प्युटरच रीस्टार्ट झाला, तर ओबीएसला दोष देण्यात अर्थ नाही. वीज, उष्णता, रॅम किंवा ड्रायव्हर यांच्याकडे बघायचं. लोक या चारही गोष्टींना 'क्रॅश' म्हणतात आणि चौघांना एकच औषध शोधतात.

पण त्याआधी लेक्चर वाचवा

रोग सापडायला चार दिवस लागतील. तोवर रोजचं रेकॉर्डिंग वाया जाऊ नये यासाठी एक बदल आजच करा. सेटिंग्जमध्ये आउटपुट, त्यात रेकॉर्डिंग फॉरमॅट. तिथे साधं एमपी४ असेल तर एमकेव्ही करा.

साध्या एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी, स्टॉप दाबल्यावर लिहिली जाते. मध्येच काही झालं तर ही अनुक्रमणिका लिहायचीच राहते. फाइल तीन जीबीची दिसते, पण प्लेअरला तिच्यात काही सापडत नाही. एमकेव्हीचं तसं नाही. वीज गेली तरी त्या क्षणापर्यंतचं सगळं चालतं. नंतर फाइल मेन्यूमधलं 'रीमक्स रेकॉर्डिंग्ज' वापरून त्याचं एमपी४ करता येतं. रीमक्स म्हणजे फक्त डबा बदलणं, आतला व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि काम झटपट होतं. २०२४ मध्ये आलेल्या ३०.२ आवृत्तीपासून 'हायब्रिड एमपी४' असाही पर्याय आहे. तो मजकूर तुकड्यातुकड्याने लिहीत जातो आणि शेवटी नेहमीसारखं एमपी४ करून देतो. तुमच्याकडे तो दिसत असेल तर तोही चालेल.

आधीच मेलेल्या एमपी४ फाइली लगेच डिलीट करू नका. 'अनट्रंक' नावाचं एक मुक्त साधन आहे. त्याला त्याच सेटिंगवर रेकॉर्ड झालेली एक धडधाकट फाइल नमुना म्हणून दिली की ते बऱ्याचदा मोडलेली फाइल जोडून देतं. सरांच्या चारपैकी तीन फाइली अशा निघाल्या.

दर वेळी त्याच मिनिटाला

आता घड्याळ. सरांच्या मेलेल्या फाइलींचा आकार मी बघितला, तर प्रत्येक फाइल चार जीबीला येऊन अडकलेली. लेक्चर सुरू झाल्याच्या आणि फाइल शेवटची लिहिली गेल्याच्या वेळा बघितल्या, तर फरक प्रत्येक वेळी अठ्ठावीस मिनिटांचा. सात वाजताची बॅच असो की दुपारची, अठ्ठाविसावं मिनिट काही चुकत नव्हतं.

सॉफ्टवेअर इतकं शिस्तीत कधी मरत नाही. इतक्या शिस्तीत फक्त भांडं भरतं.

सर थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करत होते, म्हणजे घरी न्यायला सोपं. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह, कंपनीतून येतानाच फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला. फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा चार जीबी, मग पेनड्राइव्ह कितीही रिकामा असू दे. बिटरेट, म्हणजे सेकंदाला फाइलीत किती माहिती जाते तो आकडा, त्यांनी कोणाचा तरी व्हिडिओ बघून वीस हजार केबीपीएस ठेवला होता. हिशोब करा: चार जीबी म्हणजे साधारण ३,४३६ कोटी बिट, सेकंदाला दोन कोटी बिटांनी भागा, १,७१८ सेकंद येतात. आवाजाचे थोडे बिट धरले की अठ्ठावीस मिनिटं आणि वर काही सेकंद. हा क्रॅश नव्हताच. जागा संपली, शेवटची अनुक्रमणिका लिहायला चार बोटंही उरली नाहीत, आणि फाइल मेली.

उपाय अर्ध्या तासाचा. पेनड्राइव्हवरचा माल दुसरीकडे काढून तो एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला (फॉरमॅट केलं की आतलं सगळं जातं, हे विसरून एकाने माझ्या डोळ्यांदेखत लग्नाचे फोटो घालवलेत). आणि बिटरेट सहा हजारावर आणला. पाटीवर पांढरी अक्षरं सरकतात, तिथे वीस हजार कशाला? सहा हजारात तासाला २.७ जीबी होतात, वीस हजारात नऊ. शिवाय पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करायचंच नाही. पेनड्राइव्हचा लिहिण्याचा वेग मध्येच ढेपाळतो. लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर रेकॉर्ड करा आणि संध्याकाळी कॉपी करा.

सरांची एसएसडी भरलेली होती, म्हणून त्यांनी एक बाहेरची हार्ड डिस्क आणली. वेबकॅम, माइक, पेन टॅब्लेट आणि आता ही डिस्क, एवढ्यांना पोर्ट पुरेनात, म्हणून स्वतःचा ॲडॉप्टर असलेला एक यूएसबी हबही आणला. दोन आठवडे शांततेत गेले. मग मे लागला.

फक्त दुपारीच

"पुन्हा सुरू झालं भाऊ. पण आता सकाळी होतच नाही, दुपारीच होऊन राहिलं."

मे महिना, नागपूर, दुपार. मी पण तेच म्हटलं जे तुम्ही म्हणाल: तापतंय. कूलिंग स्टँड आणला, पंख्यातली धूळ काढली, ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवा टाकला. तीन दिवस माझे आणि पैसे सरांचे गेले. चौथ्या दिवशी मला सुचलं की तापतंय म्हणतो खरं, पण मोजलं कुठे आहे? 'एचडब्ल्यू इन्फो' नावाचं मोफत साधन चालू ठेवलं. प्रोसेसर अठ्ठ्याहत्तर अंशांच्या वर गेलाच नाही. लॅपटॉपसाठी हे काहीच नाही. ते शंभरीच्या जवळ पोचल्यावर स्वतःचा वेग कमी करायला लागतात.

(मोजमापावर विश्वास ठेवावा, पण डोळे मिटून नाही. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि दिवसभर फोनवर तोच आकडा फिरत होता. नंतर हवामान खात्याने सांगितलं, सेन्सरच बिघडला होता. शहराचा खरा विक्रम ४७.९ चा, २३ मे २०१३ चा. म्हणून एका साधनात विचित्र आकडा दिसला तर दुसऱ्या साधनात पडताळून बघा.)

शेवटी मी दुपारच्या बॅचला मागच्या बाकावर जाऊन बसलो. लेक्चर सुरू झालं, रेकॉर्डिंग सुरू झालं. पंधरा-वीस मिनिटांनी एक पोरगा उठला, कपाळ पुसत कोपऱ्यात गेला आणि कूलर लावला. खट्. त्याच क्षणी लॅपटॉपमधून तो आवाज आला, यूएसबी काढल्यावर येतो तो. वेबकॅमचं चित्र गोठलं. ओबीएसने रेकॉर्डिंग थांबल्याचा संदेश दाखवला. सर पाटीकडे बघून शिकवत होते, त्यांना पत्ताच नाही. आपण कूलर लावला की लेक्चर जातं, हे त्या पोरालाही ठाऊक नव्हतं.

कूलर आणि तो यूएसबी हब एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर होते. बोर्ड जुना, खाचा ढिल्या. कूलरची मोटर सुरू होताना एकदम जास्त करंट ओढते; तेवढ्या क्षणापुरता बोर्डवरचा दाब पडायचा आणि हब रीसेट व्हायचा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी, म्हणून तो मजेत चालू. गेली ती फक्त हबवरची डिस्क, आणि डिस्कबरोबर रेकॉर्डिंग. सकाळी सात वाजता कूलर कोणी लावत नाही, म्हणून सकाळ सुखरूप.

कूलर भिंतीतल्या स्वतंत्र सॉकेटवर गेला, बोर्ड बदलला, डिस्क थेट लॅपटॉपच्या पोर्टला लागली. संपलं. तुमच्याकडे डेस्कटॉप असेल तर याच कारणाने अख्खा कॉम्प्युटर रीस्टार्ट होईल. तेव्हा विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टीम विभागात, 'कर्नल-पॉवर' आणि क्रमांक ४१ अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. यूपीएस घ्या आणि कूलर किंवा फ्रिज त्या ओळीवर ठेवू नका.

आता उष्णतेने खरंच बंद पडतं का? पडतं, पण ते एकदम होत नाही, पायऱ्यापायऱ्यांनी होतं. आधी वेग कमी होतो आणि ओबीएसच्या तळाशी 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' दिसतं, व्हिडिओ अडखळतो. मग कधी ग्राफिक्स ड्रायव्हर गुदमरतो: विंडोज त्याला साधारण दोन सेकंदांची मुदत देतं, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर त्याला रीसेट करतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डिस्प्ले' नावाखाली ४१०१ क्रमांक दिसतो. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ओबीएस सोबत जातं. अगदी टोकाला मशीन स्वतःच बंद होतं. मानेवाड्यातल्या एका पोराचं हेच होतं. वरच्या मजल्यावरची तापलेल्या स्लॅबखालची खोली, लॅपटॉप गादीवर, त्यावर गेम आणि त्याचंच रेकॉर्डिंग साठ फ्रेमवर. गादीवरून टेबलावर आणला, खालून दोन इंच उचलला, फ्रेम तीस केल्या, भागलं. कूलरची ओली झुळूक थेट लॅपटॉपवर सोडण्याची आयडिया त्याने आधी केली होती. ती करू नका.

अजून एक. दुपारी लाइट गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की बरेच लॅपटॉप ग्राफिक्सचा वेग कमी करतात. रेकॉर्डिंग तेव्हाही अडखळतं. तो क्रॅश नव्हे.

रेकॉर्ड दाबताक्षणी किंवा उघडतानाच

इथे काम सोपं, कारण बिघाड हुकमी आहे, वाट बघावी लागत नाही.

रेकॉर्ड दाबल्यावर जातं तर आधी एन्कोडर बदला. हार्डवेअर एन्कोडर (ग्राफिक्सच्या चिपवर चालणारा) असेल तर तात्पुरता प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ लावा आणि दोन मिनिटं रेकॉर्ड करा. आता चाललं, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर किंवा त्याची सेटिंग गुन्हेगार. ड्रायव्हर पूर्ण काढून कार्ड बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका. एक्स२६४ वरही गेलं, तर फाइल कुठे जाते ते बघा. विंडोजच्या सुरक्षेत 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू असेल तर तो व्हिडिओज फोल्डरमध्ये ओबीएसला लिहू देत नाही. सी ड्राइव्हवर एक साधा फोल्डर करून तिथे रेकॉर्ड करून बघा.

उघडतानाच जातं तर संशय प्लगइनवर, म्हणजे ओबीएसला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रामवर. ओबीएस मागच्या वेळी नीट बंद झालं नसेल तर पुढच्या वेळी ते 'सेफ मोड'बद्दल विचारतं. त्याला हो म्हणा. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेले प्लगइन आणि स्क्रिप्ट बंद असतात. तिथे ठीक चाललं की प्लगइन एकेक करून परत लावायचे. सगळे एकदम लावाल तर पुन्हा तिथेच याल. २०२२ मध्ये आलेल्या २८व्या आवृत्तीने आतला पाया बदलून क्यूटी ६ आणलं, तेव्हा कित्येक जुने प्लगइन निकामी झाले. अजूनही लोक जुन्या व्हिडिओतल्या लिंकवरून तेच उतरवतात. वेबपेज दाखवणारा ब्राउझर सोर्स असलेल्या सीनवर गेल्यावरच जात असेल, तर सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्ड भागातलं ब्राउझर सोर्सचं हार्डवेअर ॲक्सलरेशन बंद करून बघा.

क्रॅश रिपोर्ट वाचायला घाबरू नका

हेल्प मेन्यूत 'लॉग फाइल्स' आणि 'क्रॅश रिपोर्ट्स' असे दोन पर्याय आहेत. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली, नोटपॅडमध्ये उघडतात. क्रॅश रिपोर्ट हजार ओळींचा असला तरी तुम्हाला वरच्या दहा पुरेत. तिथे 'फॉल्ट ॲड्रेस' या शब्दांपुढे कंसात एका डीएलएल फाइलीचा पत्ता असतो. तो पत्ता ओबीएसच्या प्लगइन फोल्डरमधला आणि नाव तुम्हीच टाकलेल्या प्लगइनचं असेल, तर चोर सापडला. ते नाव ग्राफिक्स ड्रायव्हरच्या फाइलीचं असेल, तर ड्रायव्हर. दर वेळी वेगळीच फाइल, कधी ही, कधी ती, तर रॅमवर संशय घ्या. रात्री झोपताना मेमटेस्ट८६ लावून ठेवा. सकाळी एक जरी लाल ओळ दिसली तरी रॅमची पट्टी बदलायची. एकदा मी महिनाभर सेटिंग्ज चाळत होतो आणि दोष एका पट्टीत होता, म्हणून हे इतकं ठासून सांगतो.

लॉग फाइलीत मी पहिल्यांदा शेवटची ओळ बघतो. ओबीएस नीट बंद झालं असेल तर शेवटी 'नंबर ऑफ मेमरी लीक्स' अशी ओळ असते. ती नाही आणि क्रॅश रिपोर्टही नाही, म्हणजे ओबीएस पडलं नाही. त्याच्या पायाखालची जमीन गेली. वीज, विंडोज किंवा कोणीतरी टास्क मॅनेजरमधून मारलं. त्याच फाइलीत 'रेंडरिंग लॅग'मुळे गेलेल्या फ्रेम आणि 'एन्कोडिंग लॅग'मुळे गेलेल्या फ्रेम टक्क्यांत वेगळ्या दिलेल्या असतात. पहिला आकडा मोठा तर ग्राफिक्स कार्डावर ताण, दुसरा मोठा तर एन्कोडरवर.

मदत मागताना 'चालत नाही' असा स्क्रीनचा तिरका फोटो पाठवण्यापेक्षा ही लॉग फाइल पाठवा. तिच्यात फोल्डरच्या पत्त्यातून तुमचं विंडोज यूजरचं नाव दिसतं, तेवढं नजरेखालून घाला.

सगळं करून थकलात तर नव्या पाटीवर सुरुवात करा. सीन कलेक्शन आणि प्रोफाइल एक्सपोर्ट करून ठेवा, ओबीएस बंद करा आणि ॲपडेटामधल्या ओबीएस-स्टुडिओ फोल्डरचं नाव बदला. डिलीट नको, नावच बदला. पुढच्या वेळी ओबीएस कोरं उघडेल. कोऱ्यात चाललं तर दोष तुमच्या जुन्या सेटिंग्जमध्ये. मग मडकं कुठे गळतं ते निवांत शोधा.

ओबीएस बंद करतानाच क्रॅश होतं, अशीही एक तक्रार असते. स्टॉप दाबून झालं होतं ना? फाइल उघडते ना? मग मी त्याच्या मागे लागत नाही. एखादा प्लगइन जाताना अडखळतो. जमेल तेव्हा त्याची नवी आवृत्ती टाकावी.

नंदनवनचे सर आता दीड दीड तास रेकॉर्ड करतात. परवा पुन्हा फोन आला, माझ्या पोटात गोळा.

"भाऊ, रेकॉर्डिंग मस्त होऊन राहिलं. पण पोरं म्हणतात, सरांच्या मागे हेलिकॉप्टर उडते."

कूलर. माइकच्या फिल्टरमध्ये 'नॉइज सप्रेशन' जोडायला सांगितलं, पद्धत आरएननॉइज. कूलरची घरघर बरीच कमी झाली. खडखड राहिली आहे, ती पंख्याच्या ढिल्या जाळीची. तिला पेचकस लागेल.